चार बोटं अलीकडे

लाठी दुकानातून आणली आणि लेकराच्या हातात दिली, असं करत नसतात. आधी लेकराला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, टाचा भिंतीला टेकल्यात का ते बघायचं, बांबू शेजारी उभा धरायचा आणि कानाच्या पाळीशी खडूनं रेघ ओढायची. सहावीतल्या मुलीची रेघ सव्वाचार फुटांच्या आसपास येते, कॉलेजातल्या उंच पोराची पाच-सव्वापाच फुटांवर. रेघेवर बारीक दातांची करवत चालवायची, कापलेलं तोंड कानशीनं गोल करायचं, कुसळ राहिलं असेल तिथं पॉलिश पेपर फिरवायचा. मग मूठ बघायची. मुठीत धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या पेरावर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर बांबू जाड आहे, आणि तो दुसऱ्या कुणाचा आहे.

बांबू भरीव हवा. पोकळ हलका लागतो म्हणून नवशिकी पोरं तोच उचलतात, पण जोरात आपटला की तो उभा चिरतो आणि चिरलेली साल हात कापते. आपल्याकडं किनवट-माहूरच्या जंगलात मिळतो तसला, गाठी जवळजवळ असलेला आणि तीन वर्षं तरी जून झालेला बांबू घ्यावा. कोवळा सुकताना आकसतो, वाकतो. तोड हिवाळ्यातली असावी. दोन-तीन महिने सावलीत सुकू द्यावा, गाठी तासून घ्याव्यात, वाक असेल तिथं आरावर शेकून सरळ करावा. वरून जवसाचं नाहीतर करडीचं तेल. चैत्र-वैशाखातली मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी असते, की पंधरा दिवस तेलाचा हात फिरला नाही तर चांगल्या लाठीलाही बारीक भेगा पडतात. भेग डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. लाठी वीतभर उंचीवरून एका टोकावर फरशीवर सोडायची. धड असेल तर आवाज टणक येतो, आत चीर असेल तर बसका.

एका काठीसाठी हे सगळं सांगायचं कारण असं, की वस्ताद पारखायचा तर इथूनच पारखावा. बीड, लातूर, परभणी, नांदेड, कुठंही जा, गेल्या काही वर्षांत लढाऊ विद्या शिकवणारे फार वाढलेत. पोलीस भरतीची अकादमी आहे, लाठी-काठीचं उन्हाळी शिबिर आहे, शाळेतला स्वसंरक्षणाचा वर्ग आहे, गावातली जुनी तालीम तर आहेच. आईबाप विचारतात, यातला चांगला कोण? आणि बघतात काय, तर भिंतीवरची प्रशस्तिपत्रकं, दंडाचा घेर, मोबाइलवरचे व्हिडिओ. स्वतः उत्तम लढणारा माणूस शिकवायला चांगला असेलच असं नाही. वस्तादाचं खरं काम माप घेण्याचं आहे. काठीचं, अंतराचं, जोराचं, जोडीचं, भीतीचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे स्वतःच्या रागाचं. ज्याला हे साधतं त्याच्या हाताखाली लेकरं घडतात. ज्याला साधत नाही तो कितीही मोठा पैलवान असो, त्याच्या हाताखाली लेकरं एकतर मोडतात नाहीतर माजतात.

लांब किंवा जड काठी हातात पडली की काय होतं ते बघा. फिरकी घेताना खालचं टोक जमिनीला लागतं, उसळून घोट्यावर किंवा नडगीवर बसतं. ते चुकवायला पोरगं खांदा उचलतं, मनगटाचं काम खांद्यावर जातं, आणि महिन्याभरात कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. कोपर दुखतंय असं पोरगं सांगतं तेव्हा कच्चा वस्ताद म्हणतो, सवय नाही, होईल. पक्का वस्ताद आधी मूठ बघतो. दहापैकी आठ वेळा मूठ आवळून धरलेली असते. लाठी चिमणीसारखी धरायची असते, उडूनही जाऊ नये आणि गुदमरूनही जाऊ नये. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पक्कं, अंगठा आणि तर्जनी सैल. मूठ सैल झाली की खांदा आपोआप खाली येतो.

मग जागा. हे सांगायला साधं आहे आणि सगळ्यात जास्त अपघात इथंच होतात. पाच फुटांची लाठी आणि दोन-सव्वादोन फुटांचा हात, म्हणजे प्रत्येक पोराभोवती सात-साडेसात फुटांचं रिंगण झालं. दोघांची रिंगणं एकमेकांना लागता कामा नयेत, म्हणून दोघांत पंधरा फूट अंतर. शाळेच्या मैदानावर चाळीस पोरं एकदम घेऊन चार-चार फुटांवर उभी केली की कुणाची तरी भुवई फुटणार हे ठरलेलंच. मैदान लहान असेल तर निम्मी पोरं फिरकी करतील, निम्मी कडेला बसून बघतील. बघणंही शिकणंच असतं. सकाळच्या वर्गाला पोरांची पाठ पूर्वेला, वस्तादाचं तोंड पूर्वेला. ऊन डोळ्यांत घ्यायचं ते वस्तादानं. पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, पण 'थांब' शिकवायचं. थांब म्हटलं की हात जिथं आहे तिथं गोठला पाहिजे, काठी खाली पडली तरी उचलायला वाकायचं नाही. वाकलेल्या डोक्याला शेजारच्याची काठी लागते. रोज पाच-सहा वेळा, मध्येच, काही कारण नसताना 'थांब' द्यायचा. सवय अंगात मुरली की एखाद्या दिवशी तोच एक शब्द कुणाचा तरी डोळा वाचवतो.

त्यानंतर पवित्रा. पहिला महिना पायांचा. उजवा पाय पुढं, डावा मागं आणि किंचित बाहेर वळलेला, गुडघे मऊ, वजन दोन्ही पायांवर सारखं. पुढं जाताना पुढचा पाय आधी, मागं येताना मागचा पाय आधी, पाय एकमेकांना कधीही ओलांडायचे नाहीत. पाय एकमेकांत अडकले त्या क्षणी हलक्या धक्क्यानंही माणूस आडवा होतो. मातीवर खडूची भुकटी किंवा राख टाकून चार खुणा करायच्या आणि तेवढ्यावर फिरायला लावायचं. पोरं कंटाळतात. त्यांना काठी गरगरा फिरवायची असते, आणि आठ दिवसांत लेकराचा व्हिडिओ आला नाही तर आईबापही विचारायला येतात. इथं पुष्कळ शिकवणारे घसरतात. पायांचा महिना गाळून फिरकीवर येतात. मग पोराचे हात वेगानं चालतात आणि पाय खुंटासारखे रोवलेले राहतात. जत्रेत ते छान दिसतं. समोर खरा माणूस आला की मात्र ते पोरगं जागचं हलत नाही.

पाय बसले की हात. आपल्या जुन्या फरी-गदक्याच्या, म्हणजे लहान ढाल आणि काठीच्या, शिक्षणात वारांना सरळ नावं आहेत. डोक्यावर येतो तो शिर, गालाकडं येतो तो तमाचा, त्याच्या उलट बाजूनं येतो तो बाहेरा, कमरेवरचा तो कमर. नाव घेऊन वार करायचा आणि नाव ऐकून अडवायचा. सुरुवातीला एक, दोन, तीन असं मोजत, इतकं संथ की बघणाऱ्याला झोप यावी. आणि वार थांबवायचा चार बोटं अलीकडे. समोरच्याच्या गालापासून, कानापासून, कमरेपासून चार बोटं. तीन नाही, वीतभरही नाही. वीतभर लांब थांबवला तर अडवणाऱ्याला काही शिकता येत नाही, कारण त्याला माहीत असतं की काठी पोचणारच नाही. लागेपर्यंत नेला तर तो डोळे मिटायला शिकतो. चार बोटं हे असं अंतर आहे की काठीची हवा गालाला लागते आणि काठी लागत नाही.

थांबवणं हे मारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पाच फुटांच्या काठीला एकदा वेग आला की टोकाचा जोर धरणाऱ्याच्या मनगटात मावत नाही. थांबवायला कंबर लागते, मागचा पाय लागतो, श्वास लागतो. वार सुटताना श्वास बाहेर जात असला पाहिजे. श्वास कोंडलेला असेल तर शरीर ताठतं आणि काठी दोन-तीन बोटं पुढं सरकते. ज्या पोराला पूर्ण वेगाचा तमाचा चार बोटांवर थांबवता येतो, त्याला तो लागेपर्यंत नेणं वेगळं शिकवावं लागत नाही. उलट मात्र होत नाही. फक्त मारायला शिकलेल्या पोराला थांबायला शिकवायचं तर सगळं पहिल्यापासून मोडून बांधावं लागतं. आणि लढवय्याचा स्वभाव म्हणजे काय, तर माझ्या मते तो या चार बोटांत आहे. शौर्य, निष्ठा, त्याग यांवर भाषणं देता येतात, ती शिबिराच्या समारोपाला होतातही. पण त्या चार बोटांवर पोराचा हात रोज दोनशे वेळा थांबतो, तेव्हा त्याच्या अंगात काहीतरी बसत जातं. शाळेच्या गेटवर कुणी शिवी घातली तर तोच हात उठेल आणि थांबेलही.

आपला कायदाही हेच माप सांगतो, आणि ते प्रत्येक वर्गात एकदा तरी नीट समजावून सांगायला हवं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. आधी भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करायचा हक्क आहे. पण बचावाला जेवढी गरज तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. हल्ला करणारा पळाला, खाली पडला, हातातलं टाकलं, की तुमचा हक्क तिथं संपला. त्यानंतरची काठी ही मारहाण. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरावर एक गुन्हा दाखल झाला तरी त्याची दोन-तीन वर्षांची धावपळ पाण्यात जाऊ शकते. हे ज्याला कळतं तो वस्ताद पोराला आधी सुटायला आणि पळायला शिकवतो. धरलेलं मनगट सोडवायचं असेल तर समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात त्या फटीकडं आपलं मनगट वळवून ओढायचं, कारण पकड तिथंच सगळ्यात कच्ची असते. सुटलं की मोठ्यानं ओरडायचं आणि उजेडाकडं, माणसांकडं पळायचं.

तालमीत माप वेगळ्या तऱ्हेनं घेतात. सुरुवात मातीपासून. मराठवाड्याची माती बहुतेक काळी, कापसाची. ती हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, कामाची नाही. ओली झाली की अंगाला लोण्यासारखी चिकटते, वाळली की दगड होते. उदगीर-बिदरच्या बाजूला जांभ्या दगडाची तांबडी माती आहे. बाकी ठिकाणी तांबडी माती बाहेरून आणावी लागते. ती चाळणीनं चाळायची, खडा राहता कामा नये. त्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर. रोज पहाटे फावड्यानं हौदा उकरायचा, फूट-दीड फूट खोल, आणि पाय फिरवून भुसभुशीत करायचा. उकरणं हाही व्यायामच आणि नव्या पोराला पहिलं काम तेच मिळतं. हौदा उकरला नाही तर वरची माती भुगा दिसते पण खाली थर घट्ट असतो, आणि त्यावर आपटलेल्या पोराचा श्वास जातो. हौद्यात उतरण्याआधी वस्ताद नखं बघतो. अंगावर कुठं गोल, खाजरा, कडा लाल असलेला डाग दिसला, म्हणजे गजकर्ण, की त्या पोराला तो बरा होईपर्यंत कडेला बसवतो. एकाचं न बघता सोडलं तर पंधरा दिवसांत सगळी तालीम खाजवत बसते.

डावांच्या आधी पडणं. हे जितकं शिकवायला हवं तितकं कुणी शिकवत नाही. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल, हात बाजूला, तळवे आणि पूर्ण बाहू एकदम मातीवर थापायचे. आधी उकिडवं बसून, मग अर्धं उठून, मग उभ्यानं. रोज दहा-पंधरा वेळा, निदान दोन आठवडे. न शिकलेलं पोरगं पडताना हात मागं टेकवतं. ते अगदी स्वाभाविक आहे, आणि मनगटाचं नाहीतर हसळीचं हाड त्यातच मोडतं. धोबीपछाड टाकताना पाठीवरून जाणाऱ्याचा हात शेवटच्या क्षणी थोडा वर ओढून धरायचा, म्हणजे तो डोक्यावर न येता सपाट पाठीवर येतो. हा वरचा ओढ टाकणाऱ्यानं द्यायचा असतो. जिंकणाऱ्याच्याच हातात हरणाऱ्याची मान असते, आणि हे पोराला समजेपर्यंत त्याला धोबीपछाड शिकवू नये. मानेचा पूल, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठीची कमान, बांधायलासुद्धा आधी हात टेकवून, मग हात हलके करून, महिना-दोन महिन्यांनी हात सोडून.

आणि जोड. कुस्ती कळणारा माणूस जोड लावण्यावरून ओळखावा. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या फडात किंवा कुठल्याही गावच्या जत्रेत, हलगी वाजत असते, पोरं लंगोट लावून उभी असतात आणि जाणती माणसं दोघादोघांची मनगटं धरून शेजारी उभी करतात. तराजू नसतो. मान बघतात, खांदा बघतात, पोटऱ्या बघतात, आणि डोळे बघतात. वजन सारखं असलं तरी एकजण सहा महिने हौद्यात आहे आणि दुसरा पहिल्यांदाच उतरतोय, तर ती जोड नाही. पहिल्याच कुस्तीत दहा सेकंदांत पाठ लागलेलं आठ वर्षांचं लेकरू पुन्हा तालमीकडं फिरकत नाही. आणि सतत कच्च्या पोरांवर जिंकणारं लेकरू त्याहून जास्त बिघडतं, त्याला आपण पैलवान झाल्याचा भास होतो. वस्ताद आपल्या पोराला तीनात एखादी तरी हरण्याची कुस्ती मुद्दाम देतो. हरल्यावर त्याला जवळ बसवून कुठल्या डावावर हरला ते विचारतो, "कुठं गेलास?" पोरगं म्हणतं, "टांगेवर गेलो वस्ताद." "टांगेवर नाही गेलास. त्याच्या आधी मान दिलीस. उद्या सकाळी मान." एवढंच. ना शाबासकी, ना शिव्या.

मराठवाड्याच्या मातीत ही परंपरा दाखवायला लांब जावं लागत नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं जिंकून आले, पुढं हिंदकेसरी झाले, आणि नंतरची वर्षं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवण्यात घालवली. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली वाढला. २०११ साली बिराजदार गेले आणि राहुलला लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांनी हाताशी घेतलं. २०१८ साली गोल्ड कोस्टला ५७ किलोत त्यानं राष्ट्रकुल सुवर्ण आणलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. एका गुरूनं अर्धवट सोडून गेलेलं काम दुसऱ्यानं पूर्ण करायचं, तेही आपली छाप मारायची घाई न करता, यासाठी मोठं मन लागतं. पुष्कळ वस्ताद दुसऱ्याकडून आलेल्या पोराचं सगळं मोडून नव्यानं सुरू करतात, का तर ते आपलं नाही. चांगला वस्ताद आधी विचारतो, तुला काय येतं ते दाखव.

भूक, पाणी आणि ऊन यांत माप चुकलं तर ते जिवावर बेततं. जुन्या तालमीत व्यायामाच्या मध्ये पाणी प्यायलं की वस्ताद खेकसायचे. ही समजूत चुकीची होती आणि ती मोडायला हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. त्या दिवसांत वर्ग पहाटे साडेपाचला सुरू होऊन साडेसातला संपला पाहिजे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येकानं अर्धा पेला तरी पाणी प्यायलं पाहिजे, तहान असो वा नसो. पोरगं अडखळायला लागलं, विचारल्यावर भलतंच बोललं, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर तो ऊष्माघात. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, मानेवर, काखेत, जांघेत थंड पाण्याचे फडके ठेवायचे, वारा घालायचा आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. बरं वाटेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. वजन उतरवायला प्लॅस्टिकचा सूट घालून उन्हात पळवणं, दोन दिवस पाणी तोडणं, हे आजही चालतं. १९९७ साली अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन कॉलेजचे कुस्तीगीर असंच वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. आपल्याकडं नियमाची वाट बघायची गरज नाही. पोरगं ज्या वजनाचं आहे त्या वजनात खेळवावं. खुराकाचंही तसंच. बदाम-थंडाई परवडत नाही म्हणून ऊसतोड मजुराच्या पोराला कमी लेखू नये. ज्वारीची भाकरी, वरण, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, हरभरे, दूध आणि अंडी यांवर अंग चांगलं भरतं, फक्त वेळ द्यावा लागतो. जो वस्ताद वेळ वाचवायला गोळ्या किंवा इंजेक्शन सुचवतो त्याच्याकडून पोरगं त्याच दिवशी काढून घ्यावं.

मारणारा वस्ताद हा आपल्याकडं अजून कौतुकाचा विषय आहे. 'फार कडक आहेत' असं आईबाप अभिमानानं सांगतात. कडक असणं आणि मारकुटं असणं यात अंतर आहे. कडक वस्तादाचं वेळेचं गणित चुकत नाही, तो स्वतः पाच मिनिटं आधी मैदानावर असतो, एकच चूक दहाव्यांदाही त्याच आवाजात दुरुस्त करतो. मारकुट्याचा आवाज तिसऱ्या वेळी चढतो आणि चौथ्या वेळी काठी चढते. ज्याला स्वतःचा हात चार बोटं अलीकडे थांबवता येत नाही तो पोरांना ते काय शिकवणार? पोरं वस्तादाचे डाव शिकत नाहीत इतका त्याचा राग शिकतात. सगळ्यांसमोर मार खाल्लेलं पोरगं घरी जाऊन धाकट्या भावाला मारतं. भीती अजिबात नसलेल्या पोराकडंही लक्ष ठेवावं लागतं, किंबहुना जास्त. घाबरट पोरगं अंतर राखतं, त्याला हळूहळू जवळ आणता येतं. बेडर पोरगं काठीत शिरतं, स्वतः लागून घेतं आणि समोरच्यालाही लावतं. त्याला रोज लहान पोरांची जबाबदारी द्यावी. आपल्या हातून दुसऱ्याला लागू शकतं हे कळलं की त्याला योग्य तेवढी भीती येते.

मुलींच्या वर्गाबद्दल दोन गोष्टी. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण समग्र शिक्षा अभियानातून होतं आणि शिकवायला बाई मिळाली तर उत्तमच. पुरुष शिकवत असेल तर पवित्रा दुरुस्त करताना हात लावू नये. समोर स्वतः उभं राहून दाखवावं, नाहीतर दुसऱ्या मुलीला दुरुस्त करायला सांगावं. वर्ग बंद खोलीत नको, मैदानावर, उघड्यावर. याला अविश्वास समजायचं कारण नाही. मुलगी निर्धास्त असेल तरच तिचं लक्ष काठीवर राहतं.

नांदेडला दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी आणून तख्त सचखंड श्री हजूर साहिब धुतलं जातं आणि गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं साफ केली जातात. गुरू इथंच, १७०८ साली, देह ठेवते झाले. त्या दिवशी शस्त्रांकडं बघणारी गर्दी मोठी असते, पण मला नेहमी पुसणाऱ्या हातांचं अप्रूप वाटतं. पातं कधीही धारेच्या दिशेनं पुसत नाहीत, पाठीकडून पुसतात, फडकं पात्याला गुंडाळत नाहीत. होळीनंतरच्या हल्ला-महल्ल्यात, शिखांच्या मिरवणुकीत, नगाऱ्यावर गतका, म्हणजे त्यांची काठी-ढालीची विद्या, खेळणारी पोरं बघायला देशभरातून लोक येतात. त्यातल्या चांगल्या गतका शिकवणाऱ्यांकडंही पहिला धडा शस्त्र उचलण्याचा आणि ठेवण्याचाच असतो. आपला गदका आणि त्यांचा गतका, आपली फरी आणि त्यांची फरी, शब्दही एकच. गोदेच्या काठावर दोन परंपरा शेजारी नांदतात आणि एकमेकींकडून घ्यायला दोघींकडं पुष्कळ आहे.

दिखाव्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शिवजयंतीच्या पंधरा दिवस आधी वर्ग भरतात आणि मिरवणूक झाली की रिकामे होतात. तेवढ्या दिवसांत पोटावर लिंबू ठेवून पट्ट्यानं कापायचा खेळ बसवला जातो. पट्ट्याचं पातं लवचीक असतं, हात खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, कोपरापर्यंत बंद असतो, मनगट वळवायला मोकळं नसतं. शेवटच्या क्षणी वार आवरायचा तर तो पूर्ण खांद्यातून आवरावा लागतो. वर्षानुवर्षं हात बसलेल्यालाच हे साधतं. पंधरा दिवसांच्या पोराच्या हातात पट्टा आणि दुसऱ्याच्या पोटावर लिंबू, याला मी कधीही होकार देणार नाही. लिंबू टांगून कापावं, त्यातही कसब दिसतं. पेटती बनेठी, म्हणजे टोकांना गोळे बांधलेली काठी, फिरवायची असेल तर सुती कपडे, पायात बूट, जवळ भिजवलेली पोती. गोळे रॉकेलमध्ये बुडवून चांगले पिळून घ्यावेत, नाहीतर फिरवताना पेटते थेंब उडून प्रेक्षकांच्या अंगावर जातात. पेट्रोल कधीही नाही. त्याची वाफ हवेतच पेट घेते. आणि नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं मिरवणुकीत काढायची तर आधी पोलीस ठाण्यात विचारावं.

लागायचं तेव्हा लागतंच. वर्गात कापूस, पट्टी, बर्फ आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर नसेल तर वर्ग सुरू करू नये. नाकातून रक्त आलं तर मान मागं टाकायची नाही, ते रक्त घशात जातं. पुढं वाकून नाकपुड्यांचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटून धरायचा. डोक्याला मार लागून पोरगं क्षणभर जरी बेशुद्ध झालं, उलटी झाली किंवा पेंगायला लागलं, तर सरळ दवाखाना, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. हौद्यात कान चेमटून सुजला तर तो आठवडाभर तसाच ठेवू नये. कातडी आणि कूर्चा यांच्यात रक्त साकळतं आणि डॉक्टरकडून वेळेत काढून घेतलं नाही तर कान कायमचा गोळा होतो. मोडका कान ही पैलवानाची खूण म्हणून मिरवणारे आहेत, पण त्या कानानं पुढं नीट ऐकू येत नाही असंही होतं.

वर्ग संपल्यावर थोडं थांबून बघावं. पोरं पाणी पितात, चपला शोधतात, कुणी सायकलला लाथ मारून स्टँड काढतं. वस्ताद भिंतीला लावलेल्या लाठ्या एकेक उचलतो, फरशीवर टेकवून सोडतो, कान देतो, परत ठेवतो. चोवीस नेल्या होत्या, चोवीस आल्या. एकोणिसावीचा आवाज बसका येतो. तो ती पुन्हा एकदा टाकून बघतो, अंगठ्यानं साल चाचपतो, चीर सापडते. ती लाठी तो कोपऱ्यात बाजूला ठेवत नाही, कारण उद्या सकाळी घाईत कुणीतरी लेकरू तीच उचलेल. पायाखाली धरून करवतीनं तिचे तीन तुकडे करतो आणि चुलीच्या सरपणात टाकतो. मग वहीत त्या लाठीच्या मापाचं पोरगं कोण ते शोधतो आणि नव्या बांबूवर खडूनं रेघ ओढतो.